घरी इलेक्ट्रिक केलेल्या स्कूटरचा फ्यूज: कोणता, कितीचा आणि कुठे

इंजिन उतरवलं, हब मोटर बसली, कंट्रोलर लागला, सीटखाली बॅटरीचा खोका चपखल बसला. मग गॅरेजमध्ये प्रश्न निघतो, "फ्यूज कितीचा टाकायचा?" कुणीतरी सांगतं, "साठचा टाक, चालतंय." बहुतेक घरगुती गाड्यांमध्ये जादा करंटपासूनचं संरक्षण एवढ्या संवादात आटोपतं.

मुळात प्रश्नच अर्धवट आहे. अँपिअरचा आकडा सगळ्यात शेवटी ठरवायचा असतो. त्याआधी दोन आकडे बघायचे: किती डीसी व्होल्टपर्यंत तो फ्यूज सर्किट खात्रीने तोडतो, आणि किती हजार अँपिअरचा शॉर्ट झाला तरी स्वतः न फुटता तोडतो. हे दोन चुकले, तर अँपिअर बरोबर असूनही आग फ्यूजपासूनच सुरू होते.

हिशेब हवेत राहू नयेत म्हणून एक ठरावीक गाडी समोर ठेवू. जुनी गिअरलेस स्कूटर, ३ किलोवॉटची मोटर, ४० अँपिअर-अवरचे २४ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल सिरीजमध्ये. नाममात्र व्होल्टेज ७६.८, चार्जिंग पूर्ण होताना ८७.६. बाजारात हिला "७२ व्होल्टची गाडी" म्हणतात. मोटर आणि कंट्रोलरची मिळून कार्यक्षमता ८८ टक्के धरली, तर पूर्ण ताकदीवर बॅटरीतून सतत सुमारे ४४ अँपिअर जातील. चढावर किंवा वेग घेताना कंट्रोलर थोड्या वेळासाठी ८० अँपिअरपर्यंत ओढेल, असं सेटिंग आहे. तुमची गाडी वेगळी असेल तर आकडे बदला, रीत तीच राहील.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो. सार्वजनिक रस्त्यावर चालवायची गाडी अशी परस्पर बदलता येत नाही. रेट्रोफिट किटला (जुन्या गाडीत बसवायच्या इलेक्ट्रिक संचाला) एआयएस-१२३ या वाहन मानकाप्रमाणे मान्यता आणि बदलाची आरटीओकडे नोंद लागते. पुण्याची एआरएआय ही अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक. शेतावर, कारखान्याच्या आवारात किंवा कॉलेजच्या प्रकल्पात गाडी चालवणार असाल, तरी खालचं सगळं तितकंच लागू आहे. दुसरी गोष्ट, ६० व्होल्ट डीसीच्या वरचं व्होल्टेज वाहनांच्या सुरक्षा नियमांत धोकादायक धरतात आणि आपला पॅक त्याच्या वर आहे. काम करताना अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पाने आणि स्क्रूड्रायव्हर इन्सुलेटेड वापरा, आणि पॅकच्या उघड्या टर्मिनलवर कायम टोपी असू द्या.

फ्यूज वाचवतो तो वायरला

कंट्रोलर जळू नये म्हणून फ्यूज, मोटर जळू नये म्हणून फ्यूज, असं सर्रास बोललं जातं. कंट्रोलरमधले मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) काही मायक्रोसेकंदांत मरतात, फ्यूज वितळायला निदान काही मिलिसेकंद लागतात. ती शर्यत फ्यूज कधीच जिंकत नाही. मॉसफेट मेल्यावर ते बहुधा शॉर्ट होतात, आणि मग बॅटरीची सगळी ताकद वायरमधून धावते. तिथे फ्यूजचं काम सुरू होतं.

मोटरबद्दल तर गैरसमज आणखी खोल आहे. बॅटरीतून येणारा करंट आणि मोटरच्या फेजमधला (कंट्रोलरपासून मोटरला जाणाऱ्या तीन वायरींतला) करंट एक नसतो. चाक अडलं असेल किंवा गाडी चढावर जेमतेम हलत असेल, तेव्हा फेजमध्ये १५० अँपिअर वाहत असताना बॅटरीकडून ३०-४० अँपिअरच जात असतात, कारण कंट्रोलर व्होल्टेज कापून करंट वाढवत असतो. मोटरची वाइंडिंग भाजून निघेल, पण बॅटरीच्या बाजूचा फ्यूज ढिम्म हलणार नाही. मोटर वाचवायची तर वाइंडिंगमध्ये तापमानाचा सेन्सर आणि कंट्रोलरमध्ये फेज करंटची मर्यादा हवी. फेजच्या तीन वायरींत मात्र फ्यूज टाकू नका. चालत्या मोटरची एक फेज अचानक तुटली तर कंट्रोलरच्या जिवावर बेतू शकतं. त्या वायरी फेज करंटच्या हिशेबाने जाड घ्या, एवढंच.

आणि सेलच्या आतला शॉर्ट? २०२२ मध्ये देशात ई-स्कूटर पेटल्याच्या बातम्या आल्या, पुण्यातही एक गाडी पेटली. त्यानंतर एआयएस-१५६ मधले बॅटरीचे नियम कडक झाले. सेलच्या आत बिघाड झाला तर तो करंट बाहेरच्या फ्यूजमधून जातच नाही. त्यासाठी चांगले सेल, नीट बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली तर पॅक बंद करणारं सर्किट) आणि उष्णतेचा विचार लागतो. तो विषय या लेखाचा नाही.

डीसी तुटत का नाही

घरातला २३० व्होल्टचा एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. फ्यूज किंवा एमसीबी उघडताना आर्क (तुटलेल्या फटीतून चालू राहणारी विजेची ठिणगी) पेटला तरी पुढच्या शून्याला तो विझायची संधी असते. बॅटरीचा करंट शून्यावर येतच नाही. एकदा आर्क पेटला की तो आजूबाजूचं धातू आणि प्लास्टिक खात लांबत जातो, आणि व्होल्टेज जितकं जास्त तितका चिवट होतो. १२ व्होल्टच्या गाडीत जो फ्यूज वर्षानुवर्षं बिनबोभाट काम करतो, तोच ८० व्होल्टवर आतल्या आत वेल्डिंग करत बसतो.

म्हणून फ्यूजच्या अंगावर छापलेलं वाचायची सवय लावा. मोटरसायकल आणि कारमधला रंगीत ब्लेड फ्यूज सहसा ३२ व्होल्ट डीसीपुरता असतो आणि साधारण १००० अँपिअरपर्यंतच तोडू शकतो. कार ऑडिओच्या दुकानात मिळणारा चपटा एएनएल फ्यूजही बहुतेक ३२ व्होल्टचाच. त्यावर "१०० ए" ठळक असतं आणि "३२ व्ही" भिंगाने शोधावं लागतं. काचेच्या नळीचा छोटा फ्यूज अंगावर "२५० व्ही" मिरवतो, पण ते एसीचं. त्याची तोडण्याची क्षमता ३५ अँपिअर किंवा रेटिंगच्या दहा पट, यांतलं जे जास्त असेल ते. आपल्या पॅकपुढे हे तिन्ही बाद.

एमसीबीचं काय? स्वस्त ई-स्कूटरच्या सीटखाली आणि कित्येक ई-रिक्षांत एक एमसीबी दिसतो, तोच बॅटरीचा खटका म्हणून वापरतात. तो नुसता एसीचा असेल तर शॉर्टमध्ये त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही. सोलरवाल्याकडचा डीसी एमसीबी बरा, पण त्यातही एक खोच आहे. बऱ्याच डीसी एमसीबींना प्लस-मायनसची दिशा असते, कारण आतलं चुंबक आर्कला एकाच दिशेने विझवणीच्या जाळीत ढकलतं. करंट उलटा आला तर तेच चुंबक आर्कला चुकीच्या बाजूला नेतं. गाडीत रीजनरेटिव्ह ब्रेक (मोटरच बॅटरीला करंट परत देते असा) असेल, तर ब्रेक मारताना करंट उलटाच वाहतो. अशा जागी दिशा नसलेला डीसी ब्रेकर घ्या, नाहीतर ब्रेकरचा नाद सोडून फ्यूज वापरा. फ्यूजला दिशा नसते.

माझं मत विचाराल तर ब्रेकरकडे खटका म्हणून बघा, शॉर्टचं काम फ्यूजला द्या.

मग घ्यायचा कोणता

इलेक्ट्रिकलच्या घाऊक बाजारात एचआरसी (मोठा शॉर्ट तोडण्याची क्षमता असलेला) फ्यूज सहज मिळतो. कारखान्यांच्या पॅनेलमध्ये असतो तोच: चिनी मातीचं अंग, आत चांदीची किंवा तांब्याची छिद्रं पाडलेली पट्टी, आणि भोवती ठासून भरलेली बारीक क्वार्ट्झची वाळू. पट्टी वितळली की आर्क वाळूत पेटतो, वाळू वितळून काचेसारखी होते आणि त्यात आर्कची ऊर्जा जिरते. पट्टीवरची छिद्रं एकाच वेळी बऱ्याच जागी तुटतात, त्यामुळे एका मोठ्या आर्कऐवजी लहान लहान आर्कची माळ तयार होते. डीसी तोडायला हीच रचना हवी.

पण प्रत्येक एचआरसी फ्यूजला डीसी रेटिंग असतंच असं नाही. काहींवर एसीच्या ५०० व्होल्टबरोबर डीसीचे २५० व्होल्ट छापलेले असतात, तसाच घ्या. अंगावर नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. "एसी ५०० आहे, म्हणजे डीसी शंभरला चालेलच" हा दुकानदाराचा तर्क आहे, कंपनीचा नव्हे.

फ्यूजवर दोन अक्षरंही असतात. 'जीजी' म्हणजे वायरीच्या संरक्षणासाठी, हळूहळू चढणाऱ्या जादा भारापासून थेट शॉर्टपर्यंत सगळ्यासाठी. मुख्य फ्यूजला हाच हवा. 'एआर' हा सेमिकंडक्टरसाठीचा अतिजलद फ्यूज. तो फक्त शॉर्टसाठी असतो, मध्यम जादा भारावर त्याचा भरवसा नाही. नाव भारदस्त म्हणून लोक तो विकत घेतात आणि मग वायर तापत राहते. 'जीपीव्ही' सोलरचा. १० बाय ३८ मिलिमीटरच्या नळीत १००० व्होल्ट डीसीचा हा फ्यूज आता तालुक्याच्या गावातही सोलर पंपवाल्यांकडे मिळतो. मुख्य लाइनीला तो लहान पडतो, पण छोट्या फांद्यांसाठी याहून सोयीचं काही नाही.

परदेशातून सुटे भाग मागवणारे क्लास टी फ्यूज वापरतात. छोट्या आकारात १२५ ते १६० व्होल्ट डीसी आणि २० हजार अँपिअर तोडण्याची ताकद. उत्तम आहे, परवडत असेल तर जरूर घ्या.

शॉर्ट झाला तर किती करंट?

हे गणित पाच मिनिटांचं आहे, पण करतात फार थोडे. ४० अँपिअर-अवरच्या प्रिझमॅटिक सेलचा अंतर्गत रोध १ मिलिओहमच्या आसपास धरू, २४ सेलचे २४ मिलिओहम. बसबार (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या), जोड आणि वायर यांचे मिळून १० मिलिओहम. एकूण ३४. पॅकचं विश्रांतीतलं व्होल्टेज ८० धरलं तर ८० भागिले ०.०३४, म्हणजे साधारण २३५० अँपिअर. जोड चांगले असतील आणि शॉर्ट पॅकच्या तोंडाशीच झाला तर आकडा ३००० च्या वर जाईल. मोठ्या सेलचा रोध आणखी कमी असतो. २८० अँपिअर-अवरच्या सेलमध्ये तो पाव मिलिओहमच्या घरात असतो, तिथे आकडा कुठे पोचेल ते तुम्हीच काढा.

फ्यूजची तोडण्याची क्षमता या आकड्याच्या वर हवी, आणि काठावर नको.

बीएमएसमध्ये शॉर्टचं संरक्षण असतं ना, असा प्रश्न इथे हमखास येतो. असतं, आणि ते फ्यूजपेक्षा जलदही असतं. पण ते मॉसफेटवर चालतं, आणि वर म्हटलं तसं मॉसफेट मरतो तो बहुधा चालू स्थितीतच. त्यात २४ सेलच्या पॅकवर १०० व्होल्टचे मॉसफेट लावलेले बीएमएस बाजारात मिळतात. ८७ व्होल्टचा पॅक हजार-दोन हजार अँपिअरवर अचानक तोडला, की वायरीच्या इंडक्टन्समुळे उसळणारं व्होल्टेज त्यांना सहज ओलांडून जातं. बीएमएस पहिली फळी, फ्यूज शेवटची. दोन्ही लागतात.

आता अँपिअर

सतत ४४ अँपिअर. त्याला १.२५ ने गुणा: ५५. बाजारातला पुढचा आकडा ६३. जीजी फ्यूज ६३ चा.

मग चढावरचे ८० अँपिअर? काळजी नको. जीजी फ्यूजच्या मानकाप्रमाणे ६३ चा फ्यूज १.२५ पट, म्हणजे सुमारे ७९ अँपिअर, तासभर न उडता सहन करतो. १.६ पटीला, म्हणजे साधारण १०० अँपिअरला, तासाभरात उडालाच पाहिजे. अर्ध्या मिनिटाचे ८० अँपिअर त्याच्या खिजगणतीत नाहीत. "कंट्रोलर ८० चा, म्हणून फ्यूज १०० चा" हा नेहमीचा हिशेब म्हणूनच चुकतो. अशा गाडीत वायर आधी शिजते.

उन्हाळ्याचा विचार करा. फ्यूजचं रेटिंग २०-२५ अंशांवरचं असतं. मे महिन्यात नागपुरात किंवा जळगावात उन्हात उभ्या गाडीच्या सीटखाली ६० अंशांच्या आसपास तापमान जाऊ शकतं, तेव्हा फ्यूजची क्षमता दहा-पंधरा टक्क्यांनी घटते. ६३ चे ५४-५५ झाले, तरी ४४ ला पुरतात. १.२५ चा गुणक याच कामाचा होता.

त्यानंतर वायर. १.६ पटीवर तासभर टिकू शकणारा हा फ्यूज जिला वाचवणार, त्या वायरीत काही जीव हवा. वायरिंगच्या नियमात वायरीच्या क्षमतेच्या १.४५ पटीच्या आत फ्यूज उडाला पाहिजे, असं धरतात. १.६ भागिले १.४५, म्हणजे वायरीची क्षमता फ्यूजच्या निदान १.१ पट. ६३ ला ७० अँपिअर. १६ स्क्वेअर एमएमची बारीक तारांची सिलिकॉन किंवा एक्सएलपीई इन्सुलेशनची तांब्याची वायर यात आरामात बसते. घरगुती पीव्हीसी वायर घेणार असाल तर कंपनीचा तक्ता बघा, कारण पाइपातून नेली की तिची क्षमता घसरते. "कॉपर" म्हणून विकली जाणारी तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियम वायर ओळखायला टोक खरवडून पाहा, आत पांढरं दिसलं तर परत करा.

शॉर्टच्या क्षणी वायर किती वेळ टिकते तेही तपासून घ्या. पीव्हीसीसाठी ११५ ला स्क्वेअर एमएमने गुणा आणि वर्ग करा. १६ साठी हा आकडा सुमारे ३४ लाख येतो. त्याला करंटच्या वर्गाने भागलं की सेकंद मिळतात. २००० अँपिअरला ०.८५ सेकंद. ६३ चा जीजी फ्यूज एवढ्या करंटला काही मिलिसेकंदांतच उडतो, म्हणजे वायर सुरक्षित. हाच हिशेब १.५ च्या वायरीला लावला तर १००० अँपिअरला ०.०३ सेकंदच मिळतात. बारीक वायरीला स्वतंत्र फ्यूज का लागतो त्याचं एक कारण हे, खरं मोठं कारण पुढे येतं.

जागा

पॅकच्या प्लस टर्मिनलपासून फ्यूजपर्यंतच्या वायरीला कुणाचंच संरक्षण नसतं, कारण तिथे शॉर्ट झाला तर करंट फ्यूजमधून जातच नाही. म्हणून तो तुकडा जितका आखूड तितका बरा. शक्य असेल तर फ्यूज बॅटरीच्या खोक्यातच, टर्मिनलला लागून. न जमल्यास वीतभर वायर, तिच्यावर जाड स्लीव्ह, आणि पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट. फ्यूज कंट्रोलरजवळ लावलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. बदलायला सोपं पडतं म्हणून. नेमकी घासणारी लांब वायर त्या व्यवस्थेत उघडी पडते.

पॅकच्या मधोमध फ्यूज घालायची एक पद्धत आहे. फायदा खरा: फ्यूज काढला की पॅकचे दोन अर्धे होतात आणि हाताळताना निम्मंच व्होल्टेज समोर असतं. पण बीएमएसची सेन्स वायरिंग (प्रत्येक सेलचं व्होल्टेज मोजणाऱ्या बारीक वायरी) त्या फटीच्या दोन्ही बाजूंना एकाच बीएमएसला जोडलेली असेल, तर फ्यूज उडाल्याक्षणी लोड जोडलेला असताना त्या दोन शेजारच्या सेन्स वायरींमध्ये जवळजवळ पूर्ण पॅकचं व्होल्टेज उलट्या दिशेने येतं. बीएमएस तिथल्या तिथे जातो, कधी धुरासकट. दोन स्वतंत्र बीएमएस नसतील तर मधला फ्यूज नको. फ्यूज प्लसच्या टोकालाच ठेवा.

आणि ट्रॅक्शन बॅटरीचा मायनस चासीला जोडू नका. १२ व्होल्टची सवय हात घालायला लावते, पण ७२ व्होल्टची बाजू चासीपासून पूर्ण सुटी असली की एक वायर घासून चासीला लागली तरी काही होत नाही. दुसरी लागेपर्यंत सावध व्हायला वेळ मिळतो.

फांद्या

मुख्य लाइनीचं काम झालं की लोक हात झटकतात. मला स्वतःला या बारीक वायरींचीच भीती जास्त वाटते. किल्लीच्या स्विचपर्यंत, मीटरपर्यंत, हँडलमध्ये वळणं घेत जाणारी १ किंवा अर्ध्या स्क्वेअर एमएमची वायर ७२ व्होल्टला थेट जोडलेली असते. ती पूर्ण शॉर्ट झाली तर एक वेळ मुख्य फ्यूज उडेल. पण पावसाचं पाणी शिरून, इन्सुलेशन घासून अर्धवट शॉर्ट झाला आणि ५०-६० अँपिअर वाहू लागले, तर ६३ च्या फ्यूजच्या दृष्टीने सगळं आलबेल. वायर मात्र लाल होऊन आजूबाजूच्या प्लास्टिकला पेटवते.

किल्ली आणि मीटरच्या लाइनीला १ किंवा २ अँपिअरचा जीपीव्ही, मुख्य लाइनीवरून ती जिथे फुटते तिथेच. जुन्या स्कूटरचा इग्निशन स्विच १२ व्होल्टसाठी बनलेला आहे. तो १२ वरच ठेवून रिले फिरवता आला तर हँडलमध्ये ७२ व्होल्ट न्यायचीच गरज उरत नाही.

डीसी-डीसी कन्व्हर्टर १२ व्होल्ट १० अँपिअरचा असेल, तर पॅक रिकामा होताना, ६० व्होल्टवर, तो जेमतेम सव्वादोन अँपिअर ओढतो. १.५ ची वायर आणि ४ किंवा ५ चा जीपीव्ही फ्यूज. ही फांदी मुख्य फ्यूजच्या आधी, बॅटरीच्या बाजूने घ्या आणि तिचा फ्यूज तिथेच लावा, म्हणजे रात्री घाटात मुख्य फ्यूज उडाला तरी हेडलाइट जाणार नाही. मायनस मात्र बीएमएसच्या मधूनच घ्या, त्याला वळसा घालून नको, नाहीतर गाडी उभी असताना कन्व्हर्टर पॅक कोरडा करील. बीएमएसने सगळंच बंद केलं तरी दिवे राहावेत म्हणून स्कूटरची जुनी १२ व्होल्टची छोटी बॅटरी काढू नका. तिला तिचा मूळ फ्यूज असतोच, तोही ठेवा. १२ व्होल्टच्या बाजूला ब्लेड फ्यूज बिनधास्त वापरा, ती त्यांचीच जागा आहे.

चार्जरची वायर विसरली जाते. चार्जर १० अँपिअरचा, तो स्वतः जास्त देणार नाही, मग फ्यूज कशाला? कारण चार्जिंगच्या सॉकेटपर्यंतची वायर पॅकलाही जोडलेली असते, आणि सॉकेटमध्ये पाणी किंवा खिळा गेला तर करंट चार्जरमधून नाही, पॅकमधून येतो. २.५ ची वायर आणि १५ किंवा १६ चा जीपीव्ही, पॅकच्या टोकाला.

बीएमएसच्या २५ सेन्स वायरी हा शेवटचा आणि अवघड भाग. केसासारख्या वायरी थेट सेलवर. पहिल्या आणि चोविसाव्या सेलच्या वायरी एकमेकींना चिकटल्या तर दोन्हींमधून पूर्ण पॅकचं व्होल्टेज. प्रत्येकीला सेलच्या टोकाशीच छोटा फ्यूज लावणं हे आदर्श, आणि त्याला डीसी रेटिंग एका सेलच्या ३.६ व्होल्टचं नव्हे, पूर्ण पॅकचं हवं. ते जमणार नसेल, तर निदान या वायरी धारदार बसबारपासून लांब, फायबरग्लासच्या स्लीव्हमधून न्या, आणि पट्ट्याने इतक्या आवळू नका की कंपनात इन्सुलेशन कापलं जाईल.

दोन पॅक समांतर जोडणार असाल, तर प्रत्येक पॅकला स्वतंत्र मुख्य फ्यूज. नाहीतर एका पॅकमधल्या बिघाडाला दुसरा पॅक करंट पुरवत राहतो.

कॉन्टॅक्टर आणि प्रीचार्ज

कंट्रोलरच्या तोंडाशी मोठे कपॅसिटर असतात. रिकाम्या कपॅसिटरला पॅक थेट जोडला की क्षणभर शेकडो अँपिअर वाहतात. खटक्यावर ठिणगी, कॉन्टॅक्टरचे (पॅक जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या रिलेचे) पॉइंट वेल्ड, आणि फ्यूजच्या पट्टीला दर वेळी एक छोटा धक्का. असे धक्के खाऊन थकलेला फ्यूज मग एखाद्या दिवशी काही कारण नसताना उडतो.

म्हणून आधी रेझिस्टरमधून कपॅसिटर भरून घ्यायचे, यालाच प्रीचार्ज म्हणतात. २००० मायक्रोफॅरडला १०० ओहम लावले तर सेकंदाभरात काम होतं, सुरुवातीचा करंट एक अँपिअरच्याही आत. सिरॅमिकचा वाइंडिंगवाला १०-२५ वॉटचा रेझिस्टर पुरतो. मात्र कंट्रोलर आतून शॉर्ट असेल तर त्याच रेझिस्टरवर सतत ७० वॉट पडतील आणि करंट एक अँपिअरहून कमी असल्याने कुठलाच फ्यूज उडणार नाही. म्हणून टायमर हवा, आणि कपॅसिटरचं व्होल्टेज चढल्याशिवाय मुख्य कॉन्टॅक्टर लागता कामा नये.

रीजनबद्दल एक इशारा: ब्रेक मारताना फ्यूज, कॉन्टॅक्टर किंवा बीएमएस उघडला तर मोटरची ऊर्जा कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये कोंडते आणि तिथलं व्होल्टेज उसळतं. रीजन सौम्य ठेवा, आणि पूर्ण चार्ज करून लगेच घाट उतरणार असाल तर बंदच ठेवा.

बांधणी आणि तपासणी

क्लिपमध्ये अडकवायचा फ्यूज पॅनेलमध्ये ठीक, खड्ड्यांतून धावणाऱ्या गाडीत नको. दोन्ही टोकांना भोक असलेला, बोल्टने आवळायचा टॅगवाला फ्यूज घ्या. लग (वायरीच्या टोकाचं भोकाचं टर्मिनल) हायड्रॉलिक पक्कडीने क्रिंप करा, नुसतं सोल्डर करू नका. गरम झाल्यावर ते मऊ होतं आणि वायर त्याच्या कडेलाच तुटते. बोल्टखाली स्प्रिंग वॉशर, आवळल्यावर मार्करने रेघ, म्हणजे बोल्ट फिरला तर डोळ्यांना दिसतं. करंट वॉशरमधून नव्हे, लग आणि फ्यूजच्या पट्टीच्या थेट स्पर्शातून जायला हवा. कोकणात राहत असाल तर खोक्याचं झाकण रबरी पट्टीचं घ्या आणि वायरींना ग्लँड लावा. खारी हवा तांब्यावर हिरवट थर चढवते, आणि त्या थराने तापलेला जोड फ्यूजलाही तापवतो.

पॅक जोडण्यापूर्वी बीएमएस, कंट्रोलर आणि कन्व्हर्टर सुटे करून वायरिंग आणि चासी यांमध्ये मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) लावा. वाचन मेगओहममध्ये यायला हवं. काही शेकडो किलोओहम दिसले तर कुठेतरी पाणी किंवा घासलेली वायर आहे, ती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गाडी चालू झाल्यावर क्लॅम्प मीटरने खरा करंट मोजा. मीटर डीसी मोजणारा हवा, साधा एसीचा क्लॅम्प इथे शून्य दाखवतो. मागचं चाक उचलून हे मोजता येत नाही, खरा चढ हवा. ४४ ऐवजी सतत ५५ निघाले, तर फ्यूज वाढवण्याआधी वायर आणि कंट्रोलरची सेटिंग बघा. करंट वाहत असताना फ्यूजच्या दोन टोकांमधला मिलिव्होल्टचा फरकही मोजा. ४५ अँपिअरच्या आसपास या जातीच्या फ्यूजवर साधारण ५०-६० मिलिव्होल्ट येतात. लगपासून लगपर्यंत मोजल्यावर तो दुपटीहून जास्त दिसला, तर जोड ढिला किंवा मळलेला आहे. पहिल्या काही दिवसांनी एकदा आणि मग पावसाळ्याच्या आधी व नंतर हे मोजायला दहा मिनिटं पुरतात.

उडालाच तर

घरातल्या किटकॅट फ्यूजच्या ग्रिपमध्ये जाड तार गुंडाळून वेळ मारून नेणारी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत इथे आणायची नाही. फ्यूजच्या जागी बोल्ट, तांब्याची पट्टी किंवा "पुढच्या गावापर्यंत" म्हणून १०० चा फ्यूज, काहीही नको.

आधी पॅक सुटा करा. कपॅसिटरमध्ये चार्ज राहिलेला असतो, तो रेझिस्टरने उतरवून मीटरने खात्री करा. कंट्रोलरच्या प्लस-मायनसमधला रोध मोजा. जवळजवळ शून्य आला तर मॉसफेट गेलेत, आणि नवा फ्यूज लावला तर तोही जाईल. रोध बरोबर असेल तर वायरी हाताने चाचपत जा: पत्र्याच्या कडा, हँडलचं वळण, स्टँडजवळची जागा, सॉकेट. इथेही काही सापडलं नाही तर फ्यूजचे बोल्ट आणि लगचा रंग बघा. तांबं निळसर-काळं पडलं असेल, तर फ्यूज करंटने नव्हे, ढिल्या जोडाच्या उष्णतेने गेला आहे. अशा वेळी लगही बदला.

डिकीत दोन सुटे फ्यूज ठेवा, मुख्य आणि १ अँपिअरचा. त्याच कंपनीचे, त्याच रेटिंगचे, आणि सोबत ते ज्या पान्याने उघडतात तो इन्सुलेटेड पाना.